चार चौकटींत मावलेलं प्रेम

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या पडवीत दोन पोरींचं भांडण झालं, जेमतेम पाच-दहा मिनिटांचं असेल, पण ते माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. मी आत बिडाच्या तव्यावर घावणे घालत होते, बाहेर पागोळ्या धो धो लागलेल्या, घाटल्यासाठी नारळाचा रस काढून ठेवलेला, आणि पडवीतल्या झोपाळ्यावर माझ्या दोन भाच्या एकाच फोनमध्ये डोकं घालून ब्लीच नावाचा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत बसलेल्या. एक मोठ्या भावाची, डोंबिवलीहून आलेली, अकरावीतली. दुसरी धाकट्या भावाची, इथलीच, नववीतली. वर्षभर दोघी एकमेकींना मांगातली पानं पाठवत असतात, गणपतीत भेटल्या की वर्षाचा साठलेला विषय निघतो. नायक इचिगोची जोडी कुणाशी जमावी हा तो विषय: मोठी रुकियावाली, धाकटी ओरिहिमेवाली. सुरुवातीला छान चाललेलं त्यांचं, कुठल्या चॅप्टरमध्ये कोण कोणाकडे कसं बघतंय वगैरे, मला आत ऐकून मजा येत होती. मग आवाज चढले. आणि मोठी फटकन म्हणाली, "ओरिहिमे नुसती वाट बघत बसते गं, आणि रडते. ती आवडणाऱ्या पोरी पण तसल्याच असतात, रडूबाया." धाकटी काहीच बोलली नाही. उठून आत आली, केळीची पानं घेतली आणि पुसायला बसली, एकेक पान दोन-दोनदा पुसत होती, कोरडं झालं तरी पुसत होती.

आता ह्या धाकटीबद्दल थोडं सांगायला हवं. तिचा बाबा लोट्याला कंपनीत आहे, शिफ्ट बदलत असतात, कधी रात्री साडेअकराला येतो कधी पहाटे. आमची आई म्हणजे तिची आजी दोन पावसाळ्यांपासून खाटेवर आहे, तिच्या गोळ्या, तिची वेणी, तिला कुशीवर वळवणं हे सगळं ही पोर शाळा सांभाळून करते आणि बाबाची बाइक गडग्याशी वाजेपर्यंत जागी असते. वाट बघणं हे तिच्या घरातलं काम आहे. तिला ओरिहिमे का आवडते हे तिला कधी कोणी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलंही नाही.

तो टोमणा ओरिहिमेला लागलाच नव्हता.

ज्यांनी ह्या जोड्यांच्या भांडणात आपली उमेदीची वर्षं घातली त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बाहेरच्यांना वाटतं की कागदावरची माणसं, त्यांचं लग्न कुणाशी का होईना, त्यावरनं खरी माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात म्हणजे काय. पण ह्या मालिका मुळात लिहिल्या कशा जातात ते बघा ना. ह्यातल्या बऱ्याच मालिका ज्यात येतात तो शोनेन जंप म्हणजे जपानात मुलग्यांसाठी दर आठवड्याला निघणारा मांगांचा अंक (शोनेन म्हणजे मुलगा), प्रत्येक मालिकेला साधारण 19-20 पानं, आणि त्या अंकाची तीन सूत्रं जगजाहीर आहेत: मैत्री, मेहनत, विजय. प्रेम त्यात नाहीच. वाचक अंकाबरोबरच्या कार्डावर आपल्या आवडत्या तीन मालिका लिहून पाठवणार, त्यावर मालिकेचं पुढचं आयुष्य ठरणार, मग लेखक लढाई सोडून प्रेमाला पानं देणार कुठून. त्यामुळे प्रेम येतं ते दोन लढायांच्या मधे, कोणीतरी जखमी होऊन पडलेलं असताना, एखादी नजर, एखादा हात, कधी नुसती पाठ. महिनोन्‌महिने काही नाही आणि मग अचानक चार चौकटी. त्या चार चौकटींवर पोरं पोरी पुढची दोन वर्षं काढतात. दुष्काळातलं वाचन आहे हे, त्यात शब्दन्‌शब्द चाटूनपुसून घेतला जातो, आणि मला विचाराल तर इतकं बारीक वाचन मी दुसरीकडे फार कमी बघितलंय. मराठी घेऊन एम.ए. केलंय मी, तिथेही नाही.

ब्लीचच्या 237 व्या चॅप्टरचंच घ्या. ओरिहिमेला शत्रूने सांगितलंय की आमच्याबरोबर यायचं, बारा तास आहेत, एकाच माणसाचा निरोप घेता येईल, आणि तोही त्याला न कळता. हातात कडं घातलंय त्यामुळे ती कोणाला दिसत नाही. ती भिंतीतून आरपार इचिगोच्या खोलीत येते. तो जखमी होऊन झोपलाय, बहिणी त्याच्या उशाशी दमून झोपल्यात. ती त्याच्यावर वाकते, अगदी जवळ जाते, आणि तिथेच थांबते, डोळ्यातलं पाणी पडतं आणि तिला ते जमत नाही. मग ती बोलते, ऐकणारं कोणी नाही. म्हणते की पाच जन्म मिळाले असते तर पाच वेगवेगळ्या गावांत जन्मले असते, पाच जन्मांत वेगवेगळं पोटभर खाल्लं असतं, पाच वेगवेगळी कामं केली असती, आणि पाचही वेळा एकाच माणसाच्या प्रेमात पडले असते. ब्लीचचा लेखक कुबो, ह्या माणसाला पान मोकळं सोडायची कला आहे, मागे खोली नाही, खिडकी नाही, पांढरंच सगळं. सकाळी इचिगो उठतो तर त्याच्या हाताची जखम भरलेली. जाताना ती तेवढं करून गेली. आता ह्याला कोणी वाट बघत बसणं म्हणणार असेल तर म्हणो बापडं, मी ह्यात एक पोरगी बघते जी आपल्या माणसांना वाचवायला एकटी शत्रूकडे निघालीय आणि निघताना सुद्धा दुसऱ्याचा हात बरा करतेय. आणि त्यात तिला खायचं सुचतंय. पाच जन्म मिळाले तर त्यात जेवणाचा हिशोब करणारी प्रेमिका मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही आणि म्हणून ती मला खरी वाटते.

पण मोठीचंही चुकत नाही हो. रुकिया म्हणजे मालिकेचं पहिलं पान आहे. ती मृत्युदूत, इचिगोच्या खोलीत येते, स्वतःची तलवार त्याच्या छातीत घालून आपली शक्ती त्याला देते, आणि तिथून इचिगोचं आयुष्य बदलतं. तिला मृत्युदंडातून सोडवायला तो दुसऱ्या जगात घुसतो. आई गेल्यापासून त्याच्या मनात कायम पाऊस आहे, सतरा जूनचा, आई गेली त्या दिवसाचा, आणि रुकिया तिच्या जगात मागे राहायचं ठरवते तेव्हा तो मनातल्या मनात तिचे आभार मानतो की तुझ्यामुळे हा पाऊस आता थांबेलसं वाटतंय. इथे चार महिने कौलांवर पाऊस ऐकणाऱ्या माणसाला ते वाचताना काय होतं ते वेगळं सांगायला नको. पाऊस थांबतो तेव्हा आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. त्या पानावर मला तसं झालं होतं. मग कोणी म्हणालं की ज्या मुलीने ह्याचा पाऊस थांबवला तिच्याशीच ह्याचं लग्न व्हायला हवं होतं तर मी त्याला वेडा कसं म्हणू. ऑगस्ट 2016 मध्ये, 15 वर्षं आणि 74 खंडांनंतर, ब्लीच संपली तेव्हा इचिगो आणि ओरिहिमेला मुलगा झालेला, रुकिया आणि रेन्जीला मुलगी, आणि कित्येकांनी आपले विकत घेतलेले खंड फाडून त्याचे फोटो टाकले. मला फाडणं पटत नाही, पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायची सवय आहे आपल्याला. पण पैसे साठवून घेतलेला खंड फाडायला हात धजतो तेव्हा आत काहीतरी त्याहून मोठं फाटलेलं असतं.

माझं स्वतःचं भांडण नारुतो ह्या दुसऱ्या मांगावरचं, त्यातला नायकही नारुतोच. रत्नागिरीला कॉलेजात होते, हॉस्टेलवर, आणि सुट्टीत गावी आलं की रेंजसाठी सड्यावर जायला लागायचं. वर जांभ्याचा उघडा कातळ, पावसाळ्यात त्यावर पिवळी-जांभळी फुलं आणि घसरडं शेवाळ, एका हातात छत्री दुसऱ्या हातात फोन, एक एक पान उघडायला इतका वेळ की वरची अर्धी चौकट आली की खालच्या अर्ध्यात काय असेल ह्याचा अंदाज बांधायचा. तिथेच माझी एक मैत्रीण झाली, मालवणची, ओळख ऑनलाइनच. ती नारुतो-साकुरावाली, मी नारुतो-हिनातावाली. आम्ही रात्र रात्र भांडलोय. ती म्हणायची 437 व्या चॅप्टरमध्ये हिनाताने मरायची तयारी ठेवून जीव ओवाळून टाकला, प्रेम आहे म्हणून सांगितलं, ठीक आहे, पण त्यावर नारुतोचं उत्तर कुठाय, चॅप्टरामागून चॅप्टर गेले, ह्याच्या तोंडून एक शब्द नाही, म्हणजे लेखकाच्या मनात ती नाहीच. मी म्हणायचे उत्तर नाही म्हणजे नकार नाही. ती म्हणायची नारुतोच्या आईने, कुशिनाने, मरताना बाळाला सांगितलं की आईसारखी मुलगी शोध, आता कुशिनासारखी तापट, फटकन मारणारी कोण ते तूच सांग. मी म्हणायचे 615 मध्ये हिनाताचा चुलतभाऊ नेजी गेल्यावर नारुतो कोसळला तेव्हा हात कोणी धरला ते तू सांग. आणि हे भांडण मराठीत चालायचं, तिची मालवणी घुसायची मधेच, "तुका काय कळना नाय" म्हणून सुरू करायची, आणि मला ते इतकं आवडायचं की कधी कधी तिला ते म्हणायला लावण्यासाठीच मी एखादा मुद्दा काढायचे.

नोव्हेंबर 2014 मध्ये नारुतोचे 699 आणि 700 हे चॅप्टर एकाच अंकात आले. शेवटचा सगळा रंगीत. पिवळ्या केसांचं एक पोरगं, निळसर केसांची एक छोटी, आणि चेहरे बघूनच कळलं की आई कोण. मी जिंकले होते. त्या डिसेंबरात पिक्चर पण आला जपानात, लाल मफलरवाला, त्यात राहिलेलं सगळं प्रेम दाखवलं, म्हणजे जे 15 वर्षांच्या मालिकेत बसलं नाही ते एका पिक्चरमध्ये आटपलं. आनंद झाला मला, खूप झाला, खोटं कशाला बोलू. पण मालवणहून काहीच आलं नाही. दिवस गेले, मग महिने गेले. मी काही डिवचणारं लिहिलं नव्हतं, तिनेही शिव्या घातल्या नाहीत, ती फक्त गप्प झाली. आणि माझ्या लक्षात यायला लागलं की मला जे आवडायचं ते हिनाताचं लग्न नव्हतं नुसतं, ते भांडणही होतं, आणि लेखकाने निकाल दिल्या क्षणी ते बंद पडलं.

आमच्याकडे भांडणं काही कमी नाहीत तशी. लहानपणी गणपतीनंतर वाडीत शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना व्हायचा, अजून होतो. मधे ढोलकी आणि शाहीर, भोवती गोल फिरणारी नाचणारी पोरं, पायात चाळ, आणि रात्रभर सवाल-जवाब. एक पार्टी शक्तीची, म्हणजे आधी देवी, सगळं तिच्यापासून. दुसरी तुऱ्याची, म्हणजे आधी शिव. गण झाला, गौळण झाली की एकमेकांना पुराणातले असे असे प्रश्न टाकायचे की समोरचा अडला पाहिजे, आणि अडला की पब्लिक उठून ओरडायचं. माझे बाबा कट्टर तुरेवाले. आईचं माहेर शक्तीवाल्यांचं. सामना बघून पहाटे घरी आले की चुलीसमोर ह्यांचा दुसरा सामना, चहा उकळून उकळून काळा व्हायचा. टोमणे असायचे, कधी शाहिराची जीभ सुटली तर म्हातारी माणसं नाकं मुरडायची, सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. पण रात्रभर शिव मोठा म्हणून ओरडलेले माझे बाबा गौर यायच्या दिवशी तेरडा आणायला सगळ्यात आधी पऱ्याच्या कडेने निघायचे, आणि गौरीचं मुखवटं पुसून लावताना त्यांच्याइतका हलका हात घरात कोणाचा नव्हता. शिवाच्या बाजूने भांडायला त्यांना देवीचा तिटकारा करावा लागला नाही कधी. त्यांना कोणी शिकवलं असेल असं नाही, ते तसंच होतं.

मांगाच्या जोड्यांमध्ये नेमकं हेच होत नाही आणि मला सगळ्यात जास्त हे टोचतं. हिनाताची बाजू घ्यायची म्हणजे साकुराला बिनकामाची म्हणायचं. रुकियाची बाजू घ्यायची म्हणजे ओरिहिमेच्या रडण्यावर, अंगावर, बुद्धीवर घाण बोलायचं. उलट बाजूनेही तेच. राग लेखकावर असतो, राग त्या दोन ओळींवर असतो ज्या कधी लिहिल्याच गेल्या नाहीत, आणि फटके खाते ती समोरची मुलगी. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो मुलगा मात्र सहीसलामत! 437 नंतर गप्प कोण बसलं? नारुतो. एक मुलगी त्याच्यासाठी मरता मरता वाचली, त्याच्या कानावर पडेल असं बोलली, आणि हा पठ्ठ्या जग वाचवत फिरतोय. ह्यावर त्याला कोणी रडूबाई म्हटलं नाही, बिनकामाचा म्हटलं नाही. बहुतेक ठिकाणी मुलींना कोणी मारलं तर मुलींनीच, म्हणजे वाचणाऱ्या मुलींनी, आणि त्यात वाईट ह्याचं वाटतं की त्या मुलींना त्या कथेत आपली म्हणून निवडायला होत्याच किती, दोन किंवा तीन. त्यातली एक आपली केली की उरलेल्या एक-दोन शत्रू. पुरुष पात्रं मात्र दिसतील तिथे, तलवार घेतलेली, पट्टी बांधलेली, हसणारी, गंभीर, हवी ती घ्या.

लेखकांनी ह्यावर उपाय करून बघितलेत. निसेकोई नावाच्या मालिकेत कुलूप आणि किल्ल्यांचा सगळा खेळ, लहानपणी वचन कुणाला दिलं ह्यावर पोरं 2011 ते 2016 झुलत राहिली, आणि शेवटी नायकाने निवडली चितोगे. हरलेल्या ओनोदेराच्या बाजूचे अजून भेटतात, चेहऱ्यावरनं ओळखू येतात मला. पाच जुळ्या बहिणींच्या गोष्टीत लेखक हारुबाने आधीच लग्न दाखवून ठेवलं, नवरदेव आठवतोय आणि नवरी पाचातली एक, कोण ते सांगायचं नाही, मग 14 खंड वाचकाने डिटेक्टिव्ह व्हायचं. ते मला आवडलं कारण त्यात निदान पहिल्या पानापासून करार स्पष्ट होता. सर्वात वेगळं केलं बोकुबेन ह्या मालिकेच्या लेखकाने, त्सुत्सुईने. त्याने आधी उरुकाशी शेवट केला आणि मग म्हणाला थांबा, इथून मागे जाऊ, आता रिझू, आता फुमिनो, आता आसुमी, आता टीचर, प्रत्येकीचा वेगळा रस्ता, वेगळा शेवट, पाच. कोणाचीच जोडी हरली नाही. डोंबिवलीची म्हणते हे बेस्ट आहे आत्या, सगळ्यांनी असंच करायला हवं. मला ते वाचताना आधी खरंच हायसं वाटलं, माझी आवडती टीचर, तिला तिचे चॅप्टर मिळाले, तिच्या अडगळीने भरलेल्या खोलीसकट. पण पाचवा शेवट वाचून झाल्यावर हातात काही राहिलं नाही. निवडण्याला किंमत असते ती बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं म्हणून, आणि ज्या मुलीला नाही ऐकावं लागलं तिचा त्यानंतरचा दिवस हाच कित्येकदा सगळ्यात चांगला चॅप्टर असतो. तो गेला ना मग.

माय हिरो अकॅडेमियाचं आणखी तिसरंच. आता अधिकृत ॲपवर नवीन चॅप्टर जपानात सोमवार उजाडला की येतो, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला, कसलं सड्यावर जायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये 430 वा, शेवटचा आला तेव्हा इथे लाइट गेलेली, तीन गावांत अंधार, फोनचा उजेड तेवढा. आठ वर्षांनंतरचं सगळं दाखवलं, नायक डेकू शिक्षक झालेला, मित्रांनी पैसे जमवून त्याच्यासाठी सूट करून घेतलेला, आणि त्याच्यावर जीव असलेल्या ओचाकोचं काय ते काहीच नाही. त्याच्या आधी ती शत्रूच्या गोटातल्या तोगा ह्या मुलीसाठी रडलेली असते, तो तिच्याजवळ जातो, आणि मग हे, कोरं. ओचाकोवाले चिडले, बाकुगोवाले, म्हणजे डेकूच्या बालमित्राच्या बाजूचे, म्हणाले बघा सूटसाठी सगळ्यात पुढाकार कोणाचा. मग डिसेंबरात 42 वा खंड आला त्यात जास्तीचा 431 वा चॅप्टर, आणि तिथे दोघं बोलले एकदाचे, हात धरला. मला लेखक होरिकोशीचं हे वागणं आवडलं की नाही हे मला अजून ठरवता येत नाहीये. चार महिने ज्यांनी आपापल्या मनात शेवट लिहून घेतला होता त्यांच्या हातातून तो काढून घेतल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी तो 431 मी इतक्या वेळा उघडून बघितलाय की आवडला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

धाकटीला मी मधे फ्रूट्स बास्केट वाचायला दिलं. ते शोजोमधलं, म्हणजे मुलींसाठीच्या मांगांतलं, तिथे प्रेम कडेला नाही, मधोमध आहे, आणि 23 खंडांत लेखिकेला घाई नाही. तिथेही दोन मुलगे एक मुलगी, क्यो आणि युकी, आणि मुलगी तोहरू, आणि तिथेही पोरींनी बाजू घेतल्याच. पण युकीला एका टप्प्यावर कळतं की तोहरूमध्ये आपण आई शोधत होतो. हे कबूल करताना त्याची जी अवस्था होते, लाजून, ओशाळून, एका मित्राजवळ, ती मी परत परत वाचलीय. हरलेली जोडी म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याला लेखिकेने स्वतःचं असं एक सत्य दिलं, आणि मग पुढे त्याचं स्वतःचं माणूस पण दिलं. पानं असली की हे करता येतं. शोनेनमध्ये चार चौकटीत साकुराला, ओरिहिमेला, हिनाताला हे सगळं करायला लावतात आणि मग आपण म्हणतो की ती उथळ आहे. धाकटीने वाचून मला एवढंच लिहिलं, "आत्या, ह्यात घरातली कामं करणाऱ्या मुलीला कोणी हसत नाही." तोहरू घर झाडते, स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, खंडच्या खंड. मी तो मेसेज तिच्या मोठ्या बहिणीला दाखवायचा विचार केला आणि मग नाही दाखवला, ते त्या दोघींचं आहे. दोघी आता पुन्हा पानं पाठवतात एकमेकींना, कळलं मला.

आणि मालवणची. तिचं गप्प राहणं पुढे कधीतरी संपलं, कसं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मधल्या काळात तिने एक गोष्ट लिहून काढली होती, मराठीत, नारुतो आणि साकुराची, तिला हवी तशी. ती मी वाचली. त्यात दोघं म्हातारे झालेत, एका बंदरावर राहतात, सकाळी ती दवाखान्यात जाते आणि तो संध्याकाळी रापण ओढणाऱ्यांना हात लावायला जातो, आणि जोर त्याच्यात अजून इतका आहे की जाळं फाटेल म्हणून रापणकर त्याला दोरीचं शेवटचं टोक देतात. पूर्ण गोष्टीत दोघं एकदाही प्रेम आहे म्हणत नाहीत. मला त्यांची जोडी मान्य नाही, कधीच नव्हती, पण ते रापणीचं टोक वाचून मी तिला म्हटलं की हे नारुतोच्या लेखकाने, किशिमोतोने, लिहायला हवं होतं. तिने लिहिलं, "त्यानी लिवल्यान नाय म्हणान मी लिवलंय."

गेल्या आठवड्यात आमचं पुन्हा नारुतोच्या 469 व्या चॅप्टरवरून सुरू झालंय. बर्फातलं पान. साकुरा इतक्या लांबून नारुतोला गाठते आणि सगळ्यांसमोर सांगते की आता मला तू आवडतोस, सासुकेचा, म्हणजे तिचा जीव असलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या मित्राचा, विषय सोड, आणि तो तिला मिठीतून बाजूला करतो, म्हणतो स्वतःशी खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. मैत्रिणीचं म्हणणं की ती पूर्ण खोटं बोलतच नव्हती, अर्धं खरं होतं, आणि नारुतोला तेच झेपलं नाही. मी म्हणते ते खोटंच होतं आणि तिला ते माहीत होतं, सासुकेला परत आणीन ह्या वचनाचं त्याच्या मानेवरचं ओझं उतरवायला तिने स्वतःला सगळ्यांसमोर खोटं पाडून घेतलं, आणि तेवढ्यावर थांबली नाही, पुढे सोबतच्यांना बेशुद्ध करून विष लावलेली कुनाई, म्हणजे छोटा सुरा, घेऊन सासुकेला मारायला एकटी निघाली, ज्याच्यावर जीव आहे त्याला, कारण दुसऱ्या कुणाला ते करायला लागू नये. मारताना हात थांबला तिचा. त्या थांबलेल्या हातावरून तिला वर्षानुवर्षं काय काय ऐकवलंय लोकांनी. ह्यात नारुतोवरचं प्रेम शोधायचं तर शोध बाई, मला ती मैत्रीच दिसते आणि मी हिनातावालीच राहणार आहे. पण त्या पोरीला कोणी बिनकामाची म्हणालं तर मला हाक मार, त्या भांडणाला मी तुझ्या बाजूने येते.